वन्यजीवांची आयात-निर्यात: सात बंदरे आणि परवान्याच्या तळाचा कोरा चौकोन

मुंबई, कोलकाता, दिल्ली, चेन्नई, कोची, तुतिकोरिन आणि अमृतसर. वन्य प्राणी, वन्य वनस्पती किंवा त्यांच्यापासून तयार झालेली वस्तू कायदेशीर मार्गाने भारतात आणायची किंवा भारताबाहेर पाठवायची असेल, तर ती या सात ठिकाणांहूनच न्यावी-आणावी लागते. कस्टम क्लिअरिंगच्या कागदपत्रांत माझी उमेदीची वर्षे गेल्यामुळे ही यादी मला तोंडपाठ आहे, आणि ती ऐकल्यावर समोरचा माणूस कशावर वैतागतो हेही ठाऊक आहे. आमच्या गावाजवळ विमानतळ आहे, तिथे कस्टम्सचे कार्यालय आहे, मग माल मुंबईलाच का आणायचा, असा प्रश्न नागपूरचा किंवा पुण्याचा निर्यातदार हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याला मिळणारे नेहमीचे उत्तर, म्हणजे सरकारला प्रत्येक गोष्टीत खोडा घालायची सवय आहे, हे मात्र चुकीचे आहे.

या व्यवस्थेचे मूळ ज्या आंतरराष्ट्रीय करारात आहे तो धोक्यातल्या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीचा साइट्स करार ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टन येथे झाला आणि १ जुलै १९७५ पासून अमलात आला. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. या कराराच्या आठव्या कलमातील तिसरा परिच्छेद मी अनेकांना मुद्दाम वाचायला लावतो. त्यात आधी असे म्हटले आहे की, वन्यजीवांच्या खेपा शक्य तितक्या कमी विलंबाने सोपस्कारांतून पार पडाव्यात, आणि त्यानंतर लगेच असे की, हे सुलभ व्हावे म्हणून सदस्य देशाला जाण्याची व येण्याची ठरावीक बंदरे (यात विमानतळ आणि जमिनीवरची ठाणीही आली) नेमता येतील. म्हणजे बंदरे मोजकीच नेमण्याची कल्पना पुढे आली ती खोळंबा टाळण्यासाठी. जिवंत प्राणी खोक्यात बंद असताना त्याच्याकडे पाहून तो कोण आहे हे ओळखणारा माणूस, त्याला तपासणारा पशुवैद्य आणि कागद समजणारा अधिकारी हे तिघेही जिथे हजर असतील तिथेच तो लवकर सुटू शकतो. देशातल्या प्रत्येक कस्टम्स ठाण्यावर हे तिघे ठेवणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. अमेरिकेसारख्या धनाढ्य आणि अवाढव्य देशानेही वन्यजीवांसाठी अशी १७ बंदरे नेमली आहेत, आणि तिथल्या आयातदाराच्याही याबाबतच्या तक्रारी आपल्यासारख्याच असतात.

यादीतले प्रत्येक नाव आपापल्या कारणाने तिथे आहे. तुतिकोरिनसारखे तुलनेने लहान बंदर मुंबई-चेन्नईच्या पंगतीत का बसले आहे, हे मन्नारच्या आखाताकडे पाहिले की कळते: शंख, प्रवाळ आणि समुद्री काकडी यांचा तो पट्टा आहे, आणि यांपैकी समुद्री काकडी २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही तिची श्रीलंकेकडे होणारी चोरटी वाहतूक थांबलेली नाही.

साइट्सच्या तीन परिशिष्टांत मिळून ४० हजारांहून अधिक प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य वनस्पती आहेत, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. वाघ, हत्ती, गेंडा यांची नावे सर्वांना माहीत असतात. पण कोष्ठ ही औषधी वनस्पती पहिल्या परिशिष्टात आहे, आणि सर्पगंधा, जटामांसी व रक्तचंदन दुसऱ्या परिशिष्टात आहेत, हे आयुर्वेदिक औषधे पाठवणाऱ्यालाही कित्येकदा माल अडकल्यावरच कळते. पहिल्या परिशिष्टातील प्रजातींचा व्यापार जवळजवळ बंद आहे. दुसऱ्या परिशिष्टातील प्रजातींचा व्यापार परवान्यावर चालतो. तिसऱ्या परिशिष्टात एखाद्या देशाने आपल्यापुरत्या नोंदवलेल्या प्रजाती असतात. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सची यादी थेट वन्यजीव संरक्षण कायद्यात आली. १ एप्रिल २०२३ पासून ही दुरुस्ती लागू झाली. तोवर परदेशी प्रजातींच्या बाबतीत सगळा भार कस्टम्स कायदा आणि परकीय व्यापार धोरण यांवर होता.

बंदरावर तपासणीचा अधिकार कस्टम्सचा असतो, आणि त्यांना साहाय्य करते ती केंद्र सरकारची वन्यजीव गुन्हे नियंत्रण संस्था, जिचे पश्चिम विभागाचे कार्यालय नवी मुंबईत आहे. आमच्या धंद्यात अजूनही कोणी तिचे पूर्ण नाव घेत नाही. ‘वाइल्डलाइफची एनओसी आली का?’ एवढेच विचारले जाते. २०१६ मध्ये कस्टम्सची एकखिडकी योजना सुरू झाली तेव्हा अन्न सुरक्षा, औषध नियंत्रण, प्राणी व वनस्पती क्वारंटाइन आणि वस्त्रोद्योग समिती यांच्याबरोबर ही संस्थाही त्यात जोडली गेली, त्यामुळे बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे घोषणापत्र, भरताना मालाच्या वर्णनावरून ते आपोआप तिच्याकडे जाते. त्याआधी फाइल हातात घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जावे लागे. हा बदल खरोखर चांगला झाला, हे मान्य केले पाहिजे.

आता त्या चौकोनाकडे येतो. साइट्सचा परवाना एका खेपेपुरता असतो आणि निर्यात परवान्याची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त नसते. त्यावर प्रजातीचे शास्त्रीय नाव, नग किंवा वजन, आणि दोन महत्त्वाची अक्षरे असतात. एक अक्षर हेतूचे: व्यापारासाठी टी, प्राणिसंग्रहालयासाठी झेड, वैयक्तिक कारणासाठी पी. दुसरे अक्षर उगमाचे: रानातून आलेल्यासाठी डब्ल्यू, बंदिवासात जन्मलेल्या प्राण्यासाठी सी, लागवडीच्या वनस्पतीसाठी ए, आणि करार लागू होण्यापूर्वीच्या वस्तूसाठी ओ. हे सारे दूरच्या कार्यालयात, अर्जावर विसंबून भरले जाते. परवाना देणाऱ्याने माल पाहिलेलाच असतो असे नाही. परवान्याच्या तळाशी एक चौकोन मात्र कोरा ठेवलेला असतो. माल प्रत्यक्ष निघतो त्या बंदरावरचा अधिकारी खोकी उघडून मोजतो, जितके नग समोर आहेत तितकेच त्या चौकोनात लिहितो आणि सही-शिक्का करतो. परवाना १०० नगांचा असेल आणि खेपेत ६० नग असतील, तर ६० लिहिले जातात आणि उरलेले ४० नग त्या परवान्यावर पुन्हा कधीही पाठवता येत नाहीत.

निर्यातदाराला हा चौकोन म्हणजे शेवटच्या क्षणाची कटकट वाटते, कारण तोवर शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे घोषणापत्र, भरलेले असते, जागा आरक्षित असते आणि विमान किंवा जहाज थांबत नाही. माझ्या मते मात्र साऱ्या व्यवस्थेचा प्राण त्या चौकोनात आहे. परवाना आणि परवान्यात वर्णिलेला जीव, हे दोघे एकत्र दिसण्याची पहिली आणि बहुधा एकमेव जागा बंदरावरचे तपासणीचे टेबल हीच असते. चौकोन कोरा राहिला, तर त्याच परवान्यावर दुसरी खेप पाठवता येते, किंवा उरलेल्या ४० नगांच्या जागी रानातून पकडलेले ४० जीव बंदिवासात जन्मलेले म्हणून खपवता येतात. म्हणूनच पलीकडच्या बंदरावरचा अधिकारी परवान्याचा वरचा भाग वाचण्याआधी तळ पाहतो, आणि तिथे शिक्का नसेल तर बाकी सारे कितीही चोख असले तरी माल अडकतो.

हे टेबल कसे चालते याचे एक उदाहरण देतो. मुंबईच्या सहार एअर कार्गोत स्वित्झर्लंडहून उंची मनगटी घड्याळे येतात, आणि त्यांतल्या अनेकांचे पट्टे अमेरिकन अ‍ॅलिगेटरच्या कातड्याचे असतात. हा प्राणी अमेरिकेत आज दुर्मीळ राहिलेला नाही, लुइझियाना आणि फ्लोरिडात त्याची रीतसर शेती होते. तरीही तो दुसऱ्या परिशिष्टात आहे, कारण त्याचे कातडे खरोखर धोक्यात असलेल्या मगरींच्या कातड्यासारखे दिसते. त्यामुळे घड्याळाबरोबर स्वित्झर्लंडचा पुनर्निर्यात दाखला लागतो आणि त्यावर मूळ देशाचे नाव व मूळ परवान्याचा क्रमांक असावा लागतो. इनव्हॉइसवर मात्र कित्येकदा ‘लेदर स्ट्रॅप’ एवढेच लिहिलेले असते. मग तपासणारा भिंग काढतो. मगरीच्या पोटाकडच्या खवल्यावर कडेजवळ एक बारीक टिंब असते, टाचणी टोचल्यासारखे. अ‍ॅलिगेटरच्या पोटाच्या खवल्यावर ते नसते. केमन या मगरीच्या भाईबंदाचे कातडे हाडांच्या चकत्यांमुळे ताठ असते आणि त्याच्यावर खळगे दिसतात. वासराच्या कातड्यावर ठसा उठवून मगरीचा भास निर्माण केलेला असेल, तर चौकटी संशयास्पद वाटाव्यात इतक्या सारख्या असतात आणि त्यांच्यावर केसांची बारीक रंध्रे दिसतात. एका टिंबावरून लाखो रुपयांचा माल त्याच दिवशी सुटतो किंवा पुढे डिमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचे भाडे, भरत पडून राहतो. हे टिंब ओळखणारी माणसे साऱ्या देशात किती असतील याचा विचार केला, म्हणजे बंदरे सातच का, हे कळायला फारसा वेळ लागत नाही.

ओळखता येत नाही म्हणून सगळ्यांनाच बंधन, हा न्याय लाकडाच्या बाबतीत तर फारच महागात पडला. आफ्रिका आणि आग्नेय आशियातील रोझवूड फर्निचरसाठी बेसुमार तोडले जात होते, आणि घडवलेल्या, पॉलिश केलेल्या वस्तूवरून ते नेमके कोणत्या प्रजातीचे लाकूड आहे हे सांगणे कस्टम्सच्या अधिकाऱ्याला अशक्य होते. त्यामुळे २ जानेवारी २०१७ पासून रोझवूड ज्यात मोडते तो डालबर्जिया हा सबंध वंशच दुसऱ्या परिशिष्टात आला. त्या एका फटक्यात उत्तर भारतातील शेताच्या बांधावर आणि रस्त्याच्या कडेला मुबलक वाढणारा शीशमही त्यात सापडला, आणि सहारनपूर व जोधपूर येथील हस्तकलेच्या वस्तू, ज्यांत साधे दागिन्यांचे डबे आणि ताटे होती, त्यांना दुर्मीळ वन्यजीवांचे नियम लागू झाले. हस्तकला निर्यातीच्या परिषदेने ‘वृक्ष’ या नावाचा दाखला तयार करून कशीबशी वाट काढली. पुढे २०१९ मध्ये तयार वाद्ये या बंधनातून वगळली गेली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथील परिषदेत भारताने असे मान्य करून घेतले की, शीशमच्या एका वस्तूचे वजन १० किलोपेक्षा कमी असेल तर कितीही वस्तू एका खेपेत साइट्स परवान्याविना पाठवता येतील. दरम्यानच्या सहा वर्षांत लहान कारागिराचे जे नुकसान झाले ते झालेच. वन्यजीव संरक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, आणि मी स्वतःला त्यांच्यातलाच समजतो, ही किंमत कोणी भरली याची आठवण ठेवली पाहिजे.

जिवंत प्राण्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे खोळंब्याची किंमत जिवाने मोजावी लागते. मुंबईकरांना आठवणारे उदाहरण राणीच्या बागेतल्या पेंग्विनांचे. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानासाठी आणले गेले. ही प्रजाती पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत क्रम उलटा असतो: आणणाऱ्या देशाने आधी आयात परवाना द्यायचा, तो पाहून पाठवणाऱ्या देशाने निर्यात परवाना द्यायचा, आणि हेतू मुख्यतः व्यापारी नाही याची खात्री करायची. शिवाय आणणाऱ्या देशाच्या वैज्ञानिक प्राधिकरणाने आणखी एक गोष्ट तपासायची असते, ती म्हणजे या जिवाला ठेवण्यासाठी आणि त्याची काळजी घेण्यासाठी पुरेशी सोय आहे की नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांतली एक मादी दगावली आणि वर्तमानपत्रांत मोठा गदारोळ झाला; तो खर्चावरून झाला, राजकारणावरून झाला, मुंबईच्या हवेवरून झाला. परवान्यातल्या ‘पुरेशी सोय’ या अटीवरून तो तितका झाला असता तर बरे झाले असते, कारण तो प्रश्न विमान उडण्यापूर्वी विचारायचा असतो. विमानतळावरचा अधिकारी खोके हवेशीर आहे का, विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे बनवले आहे का, पशुवैद्यकीय दाखला जोडला आहे का, हे पाहू शकतो. पुढच्या पिंजऱ्यातले तापमान त्याच्या हातात नसते. उरलेले पेंग्विन मार्च २०१७ मध्ये लोकांना पाहण्यासाठी खुले झाले आणि राणीच्या बागेतली गर्दी त्यानंतर हटलेली नाही, हेही नोंदवतो.

नियम सरकारला जितके वाकवता येतात तितके तुम्हा-आम्हाला येत नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते आले तेव्हा त्यांचे खास विमान थेट ग्वाल्हेरला उतरले. ग्वाल्हेर या सात नावांत नाही. तिथून हेलिकॉप्टरने कुनो गाठणे सोपे होते आणि प्राण्यांचा प्रवास कमी होत होता, तेव्हा निर्णय योग्यच होता. पण एखाद्या संशोधन संस्थेने बेडकांचे नमुने जवळच्या विमानतळावरून पाठवण्याची परवानगी मागून पाहावी, म्हणजे फरक कळेल.

आतापर्यंत लिहिले ते कागद घेऊन येणाऱ्यांविषयी. जे कागदाशिवाय येतात ते सगळे आडमार्गानेच येत असतील असा अनेकांचा समज असतो, तो खोटा आहे. त्यांतले अनेक याच दारांनी येतात, कारण गर्दीही तिथेच असते. बँकॉकहून मुंबईला येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगांत गेल्या काही वर्षांत सरडे, साप, कासवे, माकडे इतक्या वेळा सापडली आहेत की ती बातमी आता आतल्या पानावर जाते. १ जून २०२५ रोजी कस्टम्सने जाहीर केलेल्या अशाच एका कारवाईत थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात इंडोनेशियातले डझनावारी विषारी घोणसवर्गीय साप होते, आणि त्यांच्याबरोबर कोळीशेपट्या शिंगाड्या घोणसही होत्या. ही शेवटची प्रजाती विज्ञानाला २००६ मध्ये माहीत झाली. ती पश्चिम इराणच्या डोंगरात राहते, आणि शेपटीच्या टोकावरचा कोळ्यासारखा भाग हलवून पक्ष्यांना जवळ ओढते. इराणच्या डोंगरातला साप बँकॉकमार्गे मुंबईच्या बेल्टवर येतो, यावरून या बाजाराचा नकाशा कसा आहे ते समजावे.

पकडल्यानंतर पुढे काय, हा प्रश्न बातमीत क्वचितच येतो. साइट्सच्या त्याच आठव्या कलमात म्हटले आहे की, जप्त केलेला जिवंत प्राणी निर्यात करणाऱ्या देशाशी विचारविनिमय करून, त्या देशाच्या खर्चाने परत पाठवावा किंवा बचाव केंद्रात ठेवावा. आपल्या २०२२ च्या दुरुस्तीतही तशीच तरतूद आहे. व्यवहारात बँकॉकहून आलेले प्राणी बरेचदा बँकॉकलाच परत जातात. पण तो साप थायलंडचा नाहीच. ज्या बाजारातून तो निघाला त्याच शहरात त्याला परत पाठवून आपण आपले दार मोकळे करतो, त्याला घरी पोचवत नाही. याउलट नीट झालेली घरवापसीही आहे: आपल्याकडून चोरून नेलेली ५१ तारा कासवे २०१८ मध्ये सिंगापूरहून बंगळूरला परत आणली गेली. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या परिषदेत ही प्रजाती दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात गेली.

दार ओलांडून आत आलेल्या प्राण्याचे काय होते हे पाहिले तर बंदरावरच्या तपासणीचे मोल अधिक जाणवते. एकदा इग्वाना किंवा मकाव एखाद्या फ्लॅटमध्ये पोचला की तो कुठल्या मार्गाने आला हे सिद्ध करणे कठीण होते, कारण कायद्याने परदेशी प्रजाती पाळण्यावर बराच काळ थेट बंदी नव्हती. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली: सहा महिन्यांत माहिती दिल्यास कागदपत्रे विचारली जाणार नव्हती, आणि पुढे ती मुदत वाढवलीही गेली. किती प्राणी देशात आहेत हे कळावे हा हेतू समजू शकतो, परंतु आधी चोरून आणलेल्यालाही त्यामुळे एक शिक्का मिळाला, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी साइट्समधील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी आणि त्यांच्या जन्म-मृत्यूची माहिती देणे बंधनकारक केले, ते योग्य दिशेने आहे. त्यातही एक फट उरतेच. साइट्स फक्त एवढेच पाहतो की व्यापारामुळे ती प्रजाती संपेल का. तो प्राणी आपल्या तळ्यात शिरून काय करील, हा त्याचा विषय नाही. मुंबई-पुण्याच्या तळ्यांत आज दिसणारी लाल कानांची अमेरिकन कासवे कोणाच्या तरी काचेच्या टाकीतून तिथे पोचली आहेत. युरोपीय संघाने त्यांची आयात १९९७ मध्येच थांबवली होती.

बाहेर जाणाऱ्या चोरट्या मालाचे स्वरूप वेगळे असते. तो बॅगेत नव्हे, कंटेनरमध्ये जातो. न्हावा शेवा येथे रक्तचंदन इतक्या वेळा पकडले गेले आहे की त्याचे नवल उरलेले नाही. मला अधिक बोलकी वाटते ती ऑक्टोबर २०२३ ची जप्ती: काथ्याची पायपुसणी म्हणून चीनला निघालेल्या खेपेत मोराची सुमारे २८ लाख पिसे निघाली, किंमत अंदाजे दोन कोटी. मोराने नैसर्गिकरीत्या टाकलेली पिसे देशात बाळगायला व विकायला मुभा आहे, निर्यातीला नाही. आणि २८ लाख पिसे आपोआप गळलेलीच होती असे मानायला फार भाबडेपणा लागेल. शार्कच्या परांची निर्यात फेब्रुवारी २०१५ पासून बंद आहे, तीही अधूनमधून सुक्या मासळीच्या नावाखाली सापडते. या सर्व ठिकाणी माल पकडला गेला तो कोणीतरी कागदावरचे वर्णन आणि समोरची वस्तू ताडून पाहिली म्हणून. सात बंदरांची संख्या वाढवावी असे मला वाटत नाही. सातांवरची ओळखू शकणारी माणसे वाढवावीत, रात्रीच्या पाळीतही ती असावीत, आणि नाशवंत किंवा जिवंत खेप सोमवारची वाट पाहत पडून राहू नये, एवढेच मागणे आहे.

परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न येतात ते बहुधा दोन वस्तूंविषयी असतात. पहिली मोरपिसे. कृष्णाच्या मूर्तीसाठी एकच न्यायचे आहे, असे सांगितले जाते, नेऊ नये. दुसरी वस्तू वाद्य, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेथून वाद्ये जगभर जातात. तुणीचे लाकूड आणि भोपळा यांना साइट्सची अडचण नाही. शिसवीचा भाग असला तरी तयार वाद्य म्हणून सूट आहे. अडचण घोडीची, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीची, असते. जुन्या वाद्यांवर सांबरशिंगाची, क्वचित हस्तिदंताची घोडी आढळते. सांबरशिंगाचा व्यापार आपल्याकडे बंद आहे आणि हस्तिदंत भारताबाहेर नेता येत नाही, त्यामुळे आजोबांची सतार न्यायची असेल तर निघण्यापूर्वी मिरजेच्या कारागिराकडून घोडी बदलून घेणे हाच सरळ मार्ग आहे. परदेशांत राहून वारंवार कार्यक्रमांसाठी फिरणाऱ्या कलावंताला, वाद्यात साइट्समधील एखादा घटक असेल तर, तेथील प्राधिकरणाकडून तीन वर्षे मुदतीचे वाद्य प्रमाणपत्र मिळू शकते. ते वाद्य त्या काळात विकता येत नाही, आणि प्रत्येक सीमेवर त्यावर शिक्का घ्यावा लागतो. अमेरिकेत अशा वस्तू घेऊन उतरायचे तर न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस अशा नेमलेल्या १७ बंदरांपैकीच एक निवडावे आणि ३-१७७ क्रमांकाचे घोषणापत्र भरावे.

नवी घोडी बहुधा उंटाच्या हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाची असते. हाड आणि हस्तिदंत पॉलिशनंतर सारखेच पांढरे दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी दिसते, हाडात रक्तवाहिन्यांचे बारीक काळसर ठिपके दिसतात. रात्री अडीच वाजता रांगेत उभ्या असलेल्या तुमच्या सतारीचा हा छेद कोणी पाहत बसणार नाही. म्हणून कारागिराकडून इंग्रजीत पावती घ्यावी, आणि तीत ‘हाडाची घोडी’ असे मोघम न लिहिता ‘उंटाच्या हाडाची घोडी’ असे लिहून घेऊन त्याखाली तारीख व सही घ्यावी.